उडाणटप्पू जनुकं आणि माहेरची रोपं

गेल्या दिवाळीपासून माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. त्याचं म्हणणं, मी त्याच्या पोरीचं वाटोळं केलं. माझं म्हणणं, वाटोळं माझ्या सरांनी केलं, त्यांच्या त्या लॅबनं केलं आणि भडगावकडच्या एका विहीणबाईनं केलं. मी फक्त खरं काय ते सांगितलं. खरं सांगणाऱ्या बाईला आमच्या रावेरकडे कुणी पाट मांडून बसवत नाही. नका बसवू, मला पाट नको. पण ओट्यावर चार शहाणी माणसं बसलेली असताना केळीच्या पानावरून एका पोटुशी पोरीचं माहेर तोडलं जातं, हे मला अजून गिळवत नाही. ते कसं झालं ते सांगते.

मी जळगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या केळी. त्यामुळे माझ्या नोकरीची घरात जी थट्टा होते तिला तोड नाही. “आपून झाडं लावतो आन् ही पगार घेऊन पोराहिले झाड म्हंजे काय ते सांगते,” असं भाऊ चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. मी ते हसण्यावारी नेत आले. भाऊ माझ्याहून मोठा, आणि आम्हा दोघांत त्याची मुलगी होती. भाऊची एकुलती एक मुलगी, माझी भाची. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं ती माझ्याकडे राहिली, माझ्याच वर्गात बसली. कॉलेजात ‘मॅडम’ म्हणायची आणि घराचं दार उघडलं की चपला भिरकावून ‘आत्या, भूक’. मला मूल नाही. ती असताना मला त्याची आठवणही व्हायची नाही.

तिचं लग्न गिरणाकाठच्या एका गावात झालं, भडगावच्या पुढे. घर खातंपितं, जावई सरळ. सासरे अबोल, पण शेतात नजर पक्की. त्यांना सगळे आबा म्हणत. सासू म्हणजे अक्का. त्यांच्याबद्दल मी आत्ताच काही बोलत नाही, नाहीतर मुद्दा राहील बाजूला.

त्या लोकांची कपाशी आणि मका. जावयानं ठरवलं की नदीकडच्या रानात यंदा पहिल्यांदा केळी लावायची. आता आमच्या घरात एक रीत आहे. लेकीच्या सासरी पहिल्यांदा केळी लागणार असेल तर लावणीचे कंद माहेराहून जातात. माझे वडील आधीच्या हंगामात बागेत फिरून झाडं हेरून ठेवायचे. घड कसा पडला, फण्या किती भरल्या, झाड वाऱ्याला उभं राहिलं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि त्याच झाडांचे कंद काढायचे. पहिल्या पाटीत कंदांवर हळदकुंकू, वर नारळ आणि खण. माझ्या सासरी शेतीच नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला एक कुंडीसुद्धा आली नाही, हा भाग वेगळा.

भाऊला मात्र कंद द्यायचे नव्हते. जमाना टिशूचा. टिशू म्हणजे प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत, एका कोंबाच्या तुकड्यांचे तुकडे करून वाढवलेली रोपं. सगळी एकसारखी, एकदम निसवणारी, म्हणजे बागेत सगळ्या झाडांना घड बरोबरच बाहेर पडणार. चांगल्या रोपांसाठी आधीपासून नाव लावावं लागतं, आणि भाऊला जाग आली तेव्हा सगळीकडे नोंदणी संपलेली. मग त्यानं काय करावं? माझे कॉलेजातले सर निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या एका लॅबचे सल्लागार झाले होते. भाऊ थेट त्यांच्याकडे गेला, माझं नाव सांगितलं, आणि टेम्पो भरून रोपं घेऊन आला. मला पत्ता नाही! टेम्पो भडगावला पोचल्यावर फोन आला, “तुह्या नावानं काम झालं बरं.” हळदकुंकू प्लॅस्टिकच्या ट्रेवर वाहिलं, नारळ ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला.

चूक इथे झाली, आणि असली चूक आमचीच माणसं करू शकतात. रीत पाळली आणि रीत कशासाठी होती तेच सोडून दिलं. माहेरचा कंद द्यायचा तो झाड माहीत असतं म्हणून. या रोपांची आई कुणी पाहिली होती? भाऊनं नाही, मी नाही, जावयानं तर नाहीच. भाऊच्या स्वतःच्या रानात त्या वर्षी जुनीच पीलबाग, म्हणजे आधीच्या झाडांच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर राखलेली बाग, उभी होती, चांगली डोलत होती. तिच्यातले कंद काढायला कुणी त्याचा हात धरला होता का? पण सोयऱ्यांपुढे टिशूचा टेम्पो उभा करायचा होता ना साहेबांना.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. झाडाच्या प्रत्येक पेशीत त्या झाडाचा सगळा कारभार जनुकांच्या रूपात असतो, एवढं शाळेत सगळ्यांना शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. या सगळ्या पसाऱ्यात खोड, पान, फळ घडवणारी कामाची जनुकं थोडी. बाकीच्यात मोठा भरणा अशा तुकड्यांचा असतो, ज्यांना एका जागी चैन पडत नाही. काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. काही आपली नक्कल काढून ती भलतीकडे घुसवतात. मक्यात तर बहुतेक सगळा ऐवज याच मंडळींचा. वर्गात मी त्यांना उडाणटप्पू म्हणते, पोरांच्या ते बरोबर लक्षात राहतं.

हे मला शिकवलं याच सरांनी. ते वर्गात मक्याचं एक कणीस घेऊन यायचे. दाणे पिवळट आणि त्यावर जांभळे ठिपके, कुणी शाई शिंपडल्यासारखे. रंगाच्या जनुकात एक उडाणटप्पू जाऊन बसला, रंग बंद पडला. दाणा वाढताना काही पेशींत तो तिथून उठला, तेवढ्या ठिकाणी रंग परत आला, तोच ठिपका. एवढं सांगून सर टेबलावर हात आपटायचे. “याला लोक कचरा म्हणायचे, कचरा! पांढरी द्राक्षं खाता ना? वेलीच्या रंगाच्या जनुकात असाच एक जण घुसून बसला म्हणून ती पांढरी. रानातलं झुडूप सोडून मका एका ताटावर सरळ उभा राहायला लागला, त्यातही यांचा हात आहे. झाडांची निम्मी उलथापालथ यांनीच केली.” मी पहिल्या बाकावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायचे. ते माझ्यासाठी देवमाणूस होते, आणि म्हणूनच आज त्यांचं नाव निघालं की माझं पित्त खवळतं.

एरवी झाड या तुकड्यांना कुलूपबंद ठेवतं. पण उन्हाचा मारा, रोग, जखम असं काही झालं की कुलपं सैल होतात. बरणीत तर काय, कोंब कापा, औषधं घाला, वाढला की पुन्हा कापा. ठरावीक फेऱ्यांच्या आत थांबलं तर सहसा निभावतं. हाव धरून त्याच जुन्या बरण्यांतून फेऱ्यांवर फेऱ्या काढल्या की काही रोपं बिघडतात. त्या बिघाडात उडाणटप्पूंच्या उड्या किती आणि नुसती सैल झालेली कुलपं किती, हे शपथेवर मी सांगणार नाही, कुणी प्रामाणिक माणूस सांगणार नाही. पण बिघाड बरणीतला असतो. शेतात, मातीत, माणसात तो नसतो.

पावसाळा सरता सरता भाचीनं फोनवर फोटो पाठवायला सुरुवात केली. तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता. फोटोत पानं अरुंद, जाड, रबरासारखी, त्यावर फिकट हिरवे पट्टे. झाडं बुटकी. गावात बोभाटा झाला की ‘हरण्या’ आला. हरण्या म्हणजे केळीचा व्हायरसचा रोग, मावा नावाची कीड तो पसरवते, आणि आमच्याकडे त्याचं नाव काढलं तरी माणसं बाग उपटायला धावतात. अक्कांनी मात्र रोगाबिगाचं नाव न काढता थेट निकाल लावला. माहेरची रोपं खोटी निघाली. मग पुढचं, मग आणखी पुढचं. होता होता त्यांनी बोलून दाखवलं की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं नाही. ज्या घरची रोपं धड निघत नाहीत तिथं आमचं लेकरू जन्मायला नको.

भाची फोनवर रडत होती. तिला आईकडे जायचं होतं. वहिनीनं खोली रंगवून घेतली होती, पाळणा माळ्यावरून काढून धुऊन ठेवला होता, डिंक आणि खारीक आणून झालं होतं. अक्कांचं स्वतःचं पहिलं मूल माहेरी बाळंतपणात गेलं होतं, असं भाचीनंच मला एकदा सांगितलेलं. असेल. दुःख मोठं आहे. पण म्हणून दुसऱ्याच्या पोरीला तिच्या आईपासून तोडायचं आणि बिल केळीवर फाडायचं? मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मी गेले. बागेत सकाळपासून फिरले, ओळ न्‌ ओळ पाहिली. बिघडलेली झाडं विखुरलेली होती, इथे एक, तिथे एक, मध्ये ठणठणीत. रोग असता तर एका कोपऱ्यातून पसरत गेला असता. मावा औषधालासुद्धा सापडला नाही. हा रोग केळीवर जिथून येतो त्या शेजारच्या गिलक्याच्या आणि भोपळ्याच्या वेलांवरही डाग नव्हता. जावई म्हणाला, ही झाडं पहिल्यापासून अशीच आहेत, नवीन एकही बिघडलं नाही. पानं घेऊन मी तपासायला दिली. व्हायरस निघाला नाही. झालं, दुसरं काही उरलंच नाही. बरणीतला बिघाड. खोटी झाडं तेवढी काढून टाकायची, बाकी बाग सोन्यासारखी होती.

मी भाऊला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “तू काई बोलू नको. तुह्ये सर स्वतः येऊ राह्यले. ते बठ्ठं सांगतीन.” मला वाटलं, चला, सर येतायत म्हणजे प्रश्न मिटला. इतकी मी मूर्ख.

रविवारी सकाळी बैठक बसली. ओट्यावर आबा, अक्का, जावई, भाऊ, मी आणि सर. सरांसाठी खुर्ची, बाकीचे सतरंजीवर. भाची दारात उभी, एक हात चौकटीला, एक पोटावर. सर बागेत जेमतेम दोन ओळी फिरून आले होते. घोटभर चहा घेतला आणि म्हणाले, “आबा, हा हरण्या आहे. शेजारच्या वेलांवरून मावा आला, त्यानं आणला. यात रोपांचा दोष नाही आणि रोपं देणाऱ्यांचाही नाही. सगळी बाग उपटा, जाळून टाका. पुढच्या हंगामाला लॅब तुम्हाला नवी रोपं देईल, ती जबाबदारी माझी.”

मी सरांकडे पाहतच राहिले. ते माझ्याकडे बघेनात.

अक्कांनी विचारलं, “मंग पोरना बापना काही दोष नही?”

“अजिबात नाही, अक्का. हा निसर्गाचा खेळ.”

अक्का भाऊकडे वळून म्हणाल्या, “सातवा लागना का लई जा तिले.”

सातवा लागला की घेऊन जा. भाऊनं हात जोडले. भाचीचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा असा फुलला की मला तिचं लहानपण आठवलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ न कळायला मी काही दगड नाही. आत्या, झालं, आता काही बोलू नकोस, असं ती म्हणत होती.

मग आबा जावयाला म्हणाले, “उद्या ट्रॅक्टर लाव. बठ्ठी बाग काढी टाक.” जावयाचा चेहरा पडला. त्या पोरानं उन्हापावसात ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरल्या होत्या. बागेतली बहुतेक झाडं निरोगी होती. ती सगळी जाळायची, कशासाठी? तर एका लॅबची अब्रू राहावी म्हणून. आणि त्याच बरण्यांतली रोपं उद्या बोदवडला, परवा आणखी कुठे जाणार, आणि तिथेही सर जाऊन चहा पिणार आणि हरण्या म्हणणार.

मी म्हटलं, “सर, मावा कुठे आहे?”

“तू लक्ष घालू नकोस.”

“मावा कुठे आहे, दाखवा ना. वेलांवर डाग का नाही? चार महिन्यांत नवीन एकही झाड का लागलं नाही? पानं मी तपासून आणलीत, व्हायरस नाही. आबा, एक झाड जाळू नका. खोटी तेवढी काढा. हा रोग नाही, रोपं लॅबमध्येच बिघडली आहेत.”

सर हसले. “तपासण्या चुकतात बाई,” म्हणाले. विद्यार्थिनीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘बाई’!

अक्का माझ्याकडे वळल्या. “मंग रोपंच खोटी व्हती ना? मी काय सांगी ऱ्हायंतू?”

“अक्का, रोपं लॅबची. भाऊच्या रानात ती एक दिवससुद्धा नव्हती. आमच्या मातीचा, आमच्या घराचा त्यात काही संबंध नाही.”

“पन लई कोन ऊनं?”

आणली कुणी? ते टाळायला मी नको तेवढं बोलत गेले. उडाणटप्पू सांगितले, कुलपं सांगितली, मक्याचं कणीस सांगितलं. म्हटलं, अहो, बिघाड कुणाच्या खानदानात नसतो, हे असले तुकडे प्रत्येक जिवात ठासून भरलेत, तुमच्या अंगात आहेत, माझ्या अंगात आहेत, त्यांच्यावाचून ना मका झाला असता ना माणूस, यात लाज कसली आणि खोट कसली! अक्का आबांना म्हणाल्या, “हाई मॅडम मन्हा अंगमा काय शे ते माले सांगी ऱ्हायनी!” जावईसुद्धा हसला. मग हसणं थांबलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमना घरनं बठ्ठं पहिले चांगलं दिसस, मंग बिघडस. आम्हनं लेकरू तठे जलमाले नको. अठेच व्हई जे व्हई ते.”

मी आबांकडे पाहिलं. बागेचं त्यांनी माझं ऐकलं, लगेच जावयाला म्हणाले की ट्रॅक्टर राहू दे. लेकराचं मात्र बाईमाणसांवर सोडलं. ते पायात चपला घालून शेताकडे निघूनच गेले. दारात पाहिलं तर भाची नव्हती.

बाहेर गाडीपाशी भाऊ माझ्यावर तुटून पडला. “तुले काय पडलं व्हतं बोलाले? पोरगी येत व्हती ना घरी!”

“भाऊ, ते सगळी बाग जाळायला निघाले होते.”

“जाळू देती ना माय! बाग काय, पुन्हा लागते. माही पोरगी येत व्हती!” त्याचा आवाज फाटला. गाडीत बसला आणि मला तिथंच सोडून निघून गेला.

मग सरांनी आपल्या गाडीचं दार उघडून दिलं. मी बसले, कारण मला त्यांना बोलायचंच होतं. पाचोऱ्यापर्यंत मी त्यांना सोडलं नाही. विचारलं, खरं सांगा, फेऱ्या वाढवल्या की नाही? म्हणाले, “मागणी होती. जुन्या बरण्यांतून आणखी काढली रोपं. सगळेच काढतात. तुझ्या भावानंच हात जोडले होते, तुझं नाव घेऊन.”

“आणि आज हरण्या?”

“मी त्या पोरीचं तोंड पाहिलं,” सर म्हणाले. “दोन खोटे शब्द बोललो तर ती घरी जाणार होती. तू काय मिळवलंस?”

“पोरीचं तोंड नाही पाहिलंत तुम्ही. लॅबच्या मालकाचं पाहिलंत.”

“दोन्ही पाहिली,” ते म्हणाले. तेवढं एक त्या दिवशी ते खरं बोलले असावेत. पाचोऱ्याला मी उतरले, दार दणकन आपटलं. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. लॅब जोरात चालू आहे. सर अजून सल्लागार आहेत आणि मेळाव्यांत शाली घेतात. मी प्राचार्यांना सांगितलं की या माणसाला आपल्या कॉलेजात व्याख्यानाला बोलावलंत तर मी त्या दिवशी रजेवर जाईन. प्राचार्यांना वाटलं, मानापमानाची काही भानगड असेल.

भाचीनं फोन घेणं बंद केलं. वहिनीला मी एकदा फोन केला, तर ती नुसती रडली, मग भाऊनं तिच्या हातातून फोन घेऊन बंद केला. सातवा लागला, आठवा लागला. अक्का एक शब्द मागे घेईनात. भाऊ, वहिनी, मध्यस्थ, सगळे जाऊन आले. फेब्रुवारीत पोर भडगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. वहिनीला कळवलं ते झाल्यावर. ती धावत गेली, तिला पाहुण्यासारखं चहा देऊन बसवलं आणि संध्याकाळी वाटेला लावलं. हे मला माझ्या मावसबहिणीकडून कळलं, कारण मला कळवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मला राग आला. सगळ्यांचा आला, आणि भाचीचाही आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मी तुझ्या नवऱ्याची बाग वाचवली, एका लबाडाला तोंडावर लबाड म्हटलं, आणि तू माझा फोन घेत नाहीस? माझ्या हातून मोठी झालेली पोर तू. महिना होऊन गेल्यावर मी बस पकडली आणि न सांगता गेले.

गावाच्या अलीकडे बस थांबली तिथून बाग दिसते. चांगली उंच झाली होती. खोटी झाडं काढलेल्या जागा ओळींमध्ये रिकाम्या दिसत होत्या, बाकी बाग निसवायला लागली होती, लालसर केळफुलं खाली झुकलेली. आबा बांधावर भेटले. म्हणाले, “मॅडम, तुमनं खरं निंघनं.” त्यांचं खरंच समाधान झालेलं दिसत होतं. पुढच्या वर्षी वरच्या रानात लावायची आहे, चांगली रोपं कुठे मिळतील ते तुम्हीच सांगा, असंही म्हणाले. मी घरी गेले. अक्का दारात होत्या. त्यांनी मला आत जाऊ दिलं, एवढंच.

भाची खाटेवर बसली होती, डोक्याला बांधलेलं, बाळ मांडीवर. बारीक झाली होती. मला पाहून दचकली नाही, हसलीही नाही. मी बसले. म्हटलं, “बाग छान आली आहे.”

“हो,” ती म्हणाली.

“तुझे सासरे म्हणाले, माझं खरं निघालं.”

“मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सर खोटं बोलतायत ते. पहिल्या वाक्यालाच कळलं. ती पानं मी रोज बघत होते आत्या. नवीन झाड लागत नव्हतं, मावा नव्हता. टिशूत काय काय बिघडतं ते तूच नाही का शिकवलंस? मला परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता.”

माझा आवाज चढला. “मग तू का नाही बोललीस? तुला कळत होतं तर बोलायचं होतंस! सगळं माझ्यावर का पडू दिलंस?”

“मला आईकडे जायचं होतं,” ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. “मी तुझ्याकडे बघत होते. तू पण बघत होतीस. तुला समजलं होतं मी काय म्हणते ते. समजलं होतं ना?”

मी म्हटलं, “हो.”

“आणि तरी तू बोललीस.”

“मग काय, बाग जाळू द्यायची होती? सगळं खोट्यावर सोडायचं?”

“माझ्या कळा रात्रभर होत्या,” ती म्हणाली. “अक्का बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी आईला हाक मारत होते.”

मला त्या दिवशीच्या ओट्यावरच्या प्रत्येक माणसाच्या श्रीमुखात द्यावीशी वाटत होती, सरांच्या, भाऊच्या, अक्कांच्या, आणि तेव्हाही मला वाटत होतं की मी खरंच बोलले होते. आजही वाटतं. बाळानं तेवढ्यात कुसकुस केली, मूठ वर काढली. नाक अगदी आमच्याकडचं. मी हात पुढे केले.

भाचीनं बाळाला उचललं, दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटू लागली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “पाचोऱ्याची गाडी पाच वाजता असते. आत्ता निघालीस तर मिळेल.”